पेट्रोलचा काटा खरं बोलेपर्यंत

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार

आजपासून रोजनिशी. भैय्यालालने त्याच्या हॉटेलच्या जाहिरातीची डायरी फुकट दिली होती, ती कोरीच पडली होती. डायरी याच वर्षाची आहे. दहा महिने उशीर झाला, एवढेच.

लेक शोभा सानगडीला, सासरी. पहिलटकरीण. सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी करावे ही जगाची रीत. पण विहीणबाई सुलोचनाबाईंचे म्हणणे, माहेरी आता माय नाही (माझी निर्मला यंदा आखाडात गेली), घरात एकटा बाप, तो काय बाळंतपण करणार? मी म्हणालो, बाप आहे तर माहेर आहे. हे बोलणे माझे मलाच फार आवडले. पवनीला घरी परत येताना वाटेत दोनदा म्हणून पाहिले.

त्यावर विहीणबाई म्हणाल्या, बरं जी मधुकरराव, तुमच्या गाडीचा काटा खरं बोलाले लागला की या, सून धाडून देतो. साऱ्यांसमोर म्हणाल्या. जावई जागेश्वर खाली पाहून हसला. हसू दे. शब्द तो शब्द. मी पक्का धरला आहे.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. दसऱ्याला सोने द्यायला सानगडीला गेलो तेव्हा जंगलातल्या वळणावर पेट्रोल संपले आणि काटा मात्र टाकी भरली आहे असे सांगत होता. शेवटी विहीणबाईंच्याच बैलांनी गाडी ओढून त्यांच्याच दारात उभी केली. गाव जमा झाले होते. आपट्याची पाने मी तशीच वाटली.

गाडी म्हणजे आमची व्हॅन. विलायती, बावन्न सालची, एका दवाखान्याच्या लिलावात घेतलेली. वीस वर्षे आमच्या मागावरची लुगडी तिने तुमसरच्या आणि सानगडीच्या बाजारात पोचवली. माग बंद झाले तशी अंगणात उभी असते, आत कोंबड्या बसतात. पण इंजिन फर्स्टक्लास. ब्रेक दोनदा दाबावा लागतो, डावे दार सुतळीने बांधतो, हॉर्न त्याच्या मनात आले तर वाजतो. दोष म्हणाल तर एकच, पेट्रोलचा काटा. नेहमी एफवर. एफ म्हणजे फुल, ई म्हणजे एम्प्टी. (शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी आपले आपण शिकलो.)

प्रोग्राम: दोन दिवसांत काटा दुरुस्त. गुरुवारी सानगडी. शुक्रवारी पोरगी घरात.

४ नोव्हेंबर, बुधवार

टेस्ट घेतली. इश्वर मिस्त्रीला बोलावले. बस स्टँडजवळ सायकली आणि पाण्याची इंजिने दुरुस्त करतो, मला काका म्हणतो, पुढून मान देतो, मागून काय म्हणतो ठाऊक नाही.

मी गाडीखाली निजलो. टाकीवरून एक वायर निघते ती पुढे काट्याला जाते. वायर सोडवली. इश्वर आतून ओरडला, काका, एफवरच हाय! मग वायरचे टोक गाडीच्या लोखंडाला टेकवले. तो ओरडला, पडला, पडला! मी दचकून उठलो, कपाळ आपटले. काटा पडला होता. ईवर.

आता विचार केला. माग अडला की विणकर आधी सूत पाहतो, मग धोटा, मग नशीब. इथे वायर जिवंत, काटा जिवंत. म्हणजे मेले आहे ते टाकीतले यंत्र. टाकीत एक तरंगी असते. पेट्रोल वर तर ती वर, पेट्रोल खाली तर ती खाली, आणि दांडीच्या शेवटी बसवलेले यंत्र तसा निरोप काट्याला धाडते. इश्वर त्याला सेंडर म्हणतो. निरोप्या गेला, की काटा आपला एफवर बसून राहतो, बाहेर काहीही होवो.

इश्वर म्हणे, काका, यंत्र मरू द्या ना जी. काकी कमची टाकून पाहे, तसं पाहत जा.

हे खरे आहे. निर्मला टाकीत बांबूची कमची घालून, ओली किती झाली ते पाहून सांगायची, तुमसरपर्यंत होते, परत येणं होत नाही. तिचे कधी चुकले नाही. पण ते शास्त्र नव्हे. गाडी आहे ती, विहीर नव्हे.

कपाळाला टेंगूळ. हळद लावली.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

काल जायचे होते. गेलो नाही, कारण टाकी उघडायची होती.

सेंडर पाच स्क्रूने बसवलेला. तीन निघाले, दोन तुटले. तीन पुष्कळ झाले. टाकीतले पेट्रोल कशात काढावे? घरात हंड्याएवढा पितळी गुंड होता, त्यात काढले.

सेंडर हातात आला. तरंगी पितळेची, लिंबाएवढी. कानाशी हलवली तर आत पाणी हलल्यासारखा आवाज. बारीक चीर पडून पोटात पेट्रोल भरले आहे. जी तरंगायची तीच बुडाली, तिच्या वजनाने दांडी यंत्रावरून खाली निसटली, मग निरोप कोण देणार?

दुपारी गोदावरीबाई आसगाववरून आली. माझी मोठी बहीण. बाळंतपणाला बाईमाणूस पाहिजे म्हणून मीच बोलावले होते. मला अजून मध्या म्हणते. आल्या आल्या चहाला आधण ठेवायला गेली आणि आतून ओरडली, काहून रे मध्या, पाण्याच्या गुंडात हे काय भरून ठेवलं? जाळून मारतं का मले, आल्या पावली?

गुंड अंगणात नेऊन ठेवला. चहा भैय्यालालकडून मागवला.

१० नोव्हेंबर, मंगळवार

तरंगी कासाराकडे नेली. म्हटले, चिरेला झाळ लावून दे. त्याने तापवायला घेतली. पोटात थोडे पेट्रोल उरले असावे. मोठा आवाज झाला. कासार ठीक आहे. उजवी मिशी डावीपेक्षा कमी झाली. तरंगी सापडली नाही.

त्याला वाईट वाटू नये म्हणून एक लोटा विकत घेतला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

उपाय सापडला! मंगरू ढीवर तलावावर जाळे सुकवत होता. त्याच्या जाळ्याला वाळक्या रानभोपळ्याच्या तुमड्या बांधलेल्या, लिंबाएवढ्या. रात्रंदिवस पाण्यात, आणि बुडत नाहीत. मी विचारले, पाणी आत जात नाही का? मंगरू म्हणे, कसं जाईन मामा, वरून राळ लावली हाय. ह्याच राळेनं माह्या आजानं डोंगा बुजवला होता. आजा गेला, डोंगा अजून तरंगून राहिला.

याहून मोठे सर्टिफिकेट काय पाहिजे! जो माणूस डोंगा, म्हणजे अख्खी होडी, तरंगवतो, त्याला लिंबाएवढी वस्तू म्हणजे काय. एक तुमडी मागून घेतली. मंगरूने राळेचे दोन हात जास्तीचे दिले, म्हणे, विलायती गाडी हाय, कमी नाई पडलं पाहिजे.

विलायतेत तुमडी होत नाही, म्हणून त्यांना पितळ वापरावे लागते. हा विचार पूर्वी कोणाला सुचलेला दिसत नाही.

१७ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी

तुमडी बसवली. पेट्रोल ओतले. काटा हलला! बरोबर मध्ये येऊन उभा राहिला. इश्वर टाळ्या वाजवू लागला. मी म्हटले, टाळ्या कशाला, साधी गोष्ट आहे. अजून दोनदा वाजवल्या तेव्हा त्याला चहा पाजला.

गोदाबाई बाहेर येऊन पाहून गेली. म्हणे, हललं ना? आता सारवाले शेण आण. बाळंतिणीच्या खोलीत तुह्या मागाचं लाकूड भरून हाय, ते कोण काढंन?

काढतो. गुरुवारी सानगडी. पक्के.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी वेशीपर्यंत गेली आणि खोकून बंद पडली. ढकलत आणली. इश्वरने कार्बोरेटर उघडला, आत तपकिरी चिकट काला. बोटाला चिकटला तो निघेना. टाकी उघडली. तुमडी नागडी होऊन तळाशी बसलेली, राळेचा पत्ता नाही. सगळी राळ पेट्रोलने खाल्ली आणि इंजिनला पाजली.

मंगरूला जाब विचारायला गेलो. तो म्हणे, राळेले काही नाई झालं मामा. तुमचं पेट्रोलच खोटं असन. पाण्यात टाकून पाहा, तरंगते का नाई ते.

पाण्यात टाकून पाहिली. राळ नसूनही तरंगली. म्हणजे मंगरूचेही चूक नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

शोभाला आठवा लागून पाच दिवस झाले. आठव्यात पोटुशी बाईने नदी ओलांडू नये म्हणतात. आपली वैनगंगा मध्ये आहे. म्हणजे आता नववा लागेपर्यंत आणता येत नाही.

बरेच झाले. घाईत काम चांगले होत नाही.

गोदाबाईने दिवसभर एकटीने अंगण सारवले. संध्याकाळी म्हणाली, सातवा सारा तू त्या गाडीच्या पोटात घालवला.

२९ नोव्हेंबर

कार्बोरेटर साफ. तिसऱ्यांदा.

४ डिसेंबर, शुक्रवार

नागपूरला जाऊन आलो. जुन्या पार्टच्या बाजारात दिवसभर हिंडलो. आमच्या गाडीचे नाव सांगितले की दुकानदार एकमेकांना बोलावून आणत आणि माझ्याकडे दाखवत. अखेर एकाजवळ सेंडर मिळाला, पितळी तरंगीचा. मी म्हटले, हा तर कुठल्या ट्रकचा दिसतो. तो म्हणे, चाचा, टंकी टंकी होती है, क्या ट्रक और क्या व्हॅन.

माणूस हुशार होता. असे मूळ तत्त्व जाणणारे लोक आता कमी.

बाजारात बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, खोबरे आणायला गोदाबाईने सांगितले होते. एसटीत आठवले.

९ डिसेंबर, बुधवार

नवा सेंडर बसवला. दांडी लांब होती, वाकवून घेतली. आता बिनतोड काम.

टाकी भरली. काटा गेला ईवर. पेट्रोल काढत काढत टाकी रिकामी केली. काटा चढत चढत एफवर. इश्वर पोट धरून बसला. म्हणे, काका, हा तर उलटा बोलून राहिला! भरली तर रिकामी म्हणते, रिकामी तर भरली म्हणते. इलेक्शनले उभा करा.

मी शांतपणे विचार केला. जो कधी खरे बोलतो, कधी खोटे बोलतो, त्याचा भरवसा नाही. पण जो रोज न चुकता उलटे बोलतो, त्याच्याइतका भरवशाचा कोण? आपण फक्त उलटे ऐकायचे. कागदाच्या दोन चिठ्ठ्या कापल्या. एफशेजारी चिकटवले ‘रिकामी’, ईशेजारी ‘भरली’. अक्षर चांगले आले.

विहीणबाईंची अट पूर्ण झाली असे मी मानतो.

१५ डिसेंबर, मंगळवार

काटा उलटा वाचण्याचा अभ्यास. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. आता एफ पाहिले की आपोआप मनात ‘रिकामी’ येते. एक-दोनदा चूक झाली.

गोदाबाईचा पाढा रोजचाच. बाज विणून घे, खोली मोकळी कर, सुईणीले सांगून ठेव. बाजेचे सुंभ आणले आहे. मागाचे लाकूड बाहेर काढायला हात लावला, पण ठेवायला जागा एकच, गाडी. गाडी तर लागणार. म्हणून परत आत ठेवले.

बाळाच्या गोधडीला मऊ लुगडे पाहिजे म्हणाली. निर्मलाची ट्रंक उघडली. वरचे लुगडे आपल्याच मागावरचे, काठ मी स्वतः विणलेले. गोदाबाईने विचारले, फाडू का? मी म्हटले, फाड. फर्र आवाज झाला. मला काही वाटले नाही. टाकीवरचा एक स्क्रू ढिला राहिला आहे, तो आठवला. जाऊन पिळला.

खाली निजलो होतो तेव्हा तिचे पाय दिसले. वाकून म्हणाली, मध्या, निर्मला गेली तवापासून तू त्या गाडीखालीच राहून राहिला बाप्पा. वर ये ना आता.

वर आलो. जेवलो. वांग्याची भाजी होती.

२० डिसेंबर, रविवार

जावई अचानक आला. घरचा नवा तांदूळ घेऊन, एसटीने. नववा लागला आहे.

म्हणे, मामाजी, शोभाचे पाय सुजून राहिले. आईनं तिकडं सारी तयारी करून ठेवली, पण हिचं मन लागत नाही. रोज म्हणते, मले पवनीले जायचं हाय. आईले मी समजावतो. एसटीनं आणून सोडू का? मोठ्या रस्त्यानं सावकाश येऊ.

मी म्हटले, पहिलटकरीण आणि एसटीत? लोक काय म्हणतील? घरची गाडी असताना? काटा दुरुस्त झाला आहे. त्याला गाडीत बसवून काटा दाखवला, चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. त्याने एका चिठ्ठीवर बोट फिरवले. म्हणे, मामाजी, हे आईले सांगू नका.

मग म्हणे, मामी कमची टाकून पाहे ना जी. मी म्हटले, काळ पुढे गेला.

गोदाबाई मध्ये पडली. म्हणे, आणू दे ना रे त्याले एसटीनं. पोरगी येऊन राहिली तर तू काहून आडवा पडतं? मी म्हटले, आडवा नाही, टेस्टिंग तेवढे राहिले आहे, मग मीच येतो. जावयाने विचारले, कधी? मी म्हटले, लवकरच. तारीख मुद्दाम सांगितली नाही. एकदम दारात जाऊन हॉर्न द्यायचा आहे. (हॉर्न पाहून घेणे.)

निघताना म्हणाला, तुमची लेक आता थांबत नाही मामाजी. मी हसलो. बापावर गेली आहे.

२३ डिसेंबर, बुधवार

शेवटची टेस्ट. टाकी भरली, काटा ईवर. इंजिन चालू करून सकाळपासून गाडी जागेवरच उभी ठेवली आणि समोर बसून पाहिले. काटा हळूहळू, एकदाही न अडखळता चालत राहिला. संध्याकाळी एफच्या केसभर अलीकडे. शंभर टक्के पास. अंगणभर धूर झाला होता, ललिताबाई शेजारीण दोनदा खोकून गेली.

उद्या निघतो.

२४ डिसेंबर, गुरुवार. रात्री आठ

घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी गोदाबाईने गाडीची पूजा केली. काट्याची काच ओल्या फडक्याने पुसली आणि तिला कुंकू लावले. चिठ्ठ्या फडक्यात गेल्या. जाऊ दिल्या. शुभ वेळ, आणि मला आता चिठ्ठ्यांची गरज नव्हती. घराला कुलूप लावले, किल्ली खिशात.

गाडीत बसलो. काटा पाहिला. एफ. मन एकदम प्रसन्न झाले. भरलेली गाडी, सोबत बहीण, थंडीचे ऊन. नदी ओलांडली. एसटी मोठ्या रस्त्याने फिरून जाते, मी जंगलाचा जवळचा रस्ता धरला. गोदाबाईने एक जुने गाणेसुद्धा म्हटले.

जंगलातल्या त्याच वळणावर गाडी थांबली.

काटा एफवरच होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. गोदाबाई म्हणे, का झालं रे? मी म्हटले, थांब, वाचतो आहे.

एका सायकलवाल्याला डबा देऊन लांबच्या पंपावर पेट्रोलला धाडले. तो दिवस कलताना परत आला. सानगडी तिथून हाकेवर. गोदाबाई म्हणाली, आता चाल, रातभर विहिणीकडे राहू, सकाळी पोरीले आणू. पण ज्या दारात बैलांनी ओढून नेले, त्या दारात तिन्हीसांजेला, डब्यातल्या पेट्रोलवर, सांगणे न धाडता जायचे? विहीणबाईंना उगाच त्रास. मी गाडी फिरवली. उद्या सकाळी फ्रेश निघू असे ठरवले. 

घरी आलो तर ललिताबाई ओट्याशी उभी.

शोभा आली होती.

जावई एसटीने घेऊन आला होता, मोठ्या रस्त्याने. ललिताबाई म्हणे, कुलूप पाहून ओट्यावरच बसली. मी म्हटलं, माह्या घरात चाल, लेट जराशी. तर म्हणे, नाही काकू, आपल्याच ओट्यावर बसतो. बराच वेळ बसली होती. मग मीच सांगितलं, बाबा तर तुलेच आणाले गेले. जावई म्हणाले, मग ते तिकडं आपली वाट पाहत असतीन, आणि चारच्या एसटीनं परत घेऊन गेले.

म्हणजे प्रवास तिला झेपतो, हे तर सिद्ध झाले.

ओट्यावर पेला होता, अर्धा भरलेला. पाणी झाडाला टाकले. उद्या पहाटे निघतो.

२५ डिसेंबर, शुक्रवार

गाडी सुरू झाली नाही. इश्वर सणानिमित्त गावाला. त्याचा कुठला सण ते कळले नाही.

२६ डिसेंबर, शनिवार

सानगडीहून माणूस आला. शोभा पहाटे बाळंत झाली, दिवसांच्या आधीच. मुलगी. दोघी सुखरूप. विहीणबाई रात्रभर जवळ बसून होत्या.

गोदाबाईने गाठोडे बांधले. त्या लुगड्याची गोधडी शिवून झाली होती, ती घेतली. मला म्हणाली, चाल. मी म्हटले, तू हो पुढे, मी गाडी घेऊन येतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि एसटीला गेली.

घर शांत आहे. बाळंतिणीच्या खोलीत मागाचे लाकूड होते तसेच आहे. आता काढायची घाई नाही.

२९ डिसेंबर

गाडीकडे गेलो नाही. कोंबडीने ड्रायव्हरच्या सीटवर अंडे दिले आहे.

६ जानेवारी १९८२, बुधवार. सानगडी, दुपारी

डायरीतली जानेवारीची पाने कोरीच होती, ती कामी आली. नुसते ८१चे ८२ केले, वार एक पुढे सरकवला.

आज बारसे. एसटीने आलो. खिडकीजवळ जागा मिळाली. मोठा रस्ता चांगला आहे, लांबही नाही.

वाटेत उत्तरे जुळवून ठेवली होती. विहीणबाई साऱ्यांसमोर काट्याचे विचारतील, मग मी काय म्हणायचे ते. त्यांनी विचारले नाही. म्हणाल्या, मधुकरराव, उन्हातून आले, हात-पाय धुवा जी. पानावर भात वाढला, वर तूप जास्तीचे वाढले. जावई जेवताना पावसाचे बोलला. गाडीचे कोणीच काढले नाही.

नाव निर्मला ठेवायचे शोभाच्या मनात होते. पण गेलेल्या माणसाचे नाव वर्षाच्या आत ठेवत नाहीत म्हणाले. दुसरे ठेवले आहे. चांगले आहे.

मग बाया उठून गेल्या आणि शोभाने बाळ माझ्या मांडीवर दिले. गोधडीत गुंडाळलेले. काठ ओळखला. शोभा वाळली आहे. इकडचे-तिकडचे बोलली. मग म्हणाली, बाबा, त्या दिवशी कुलूप पाहिलं ना, तर मले एकदम वाटलं, आई बाजाराले गेली असन, आता येते. म्हणून बसली होती मी.

 मी म्हणालो, जंगलाचा रस्ता जवळचा पडतो.

ती हो म्हणाली. कूस बदलून झोपली.

नातीने माझ्या डाव्या हाताचे बोट मुठीत धरले आहे. उजव्या हाताने लिहितो आहे. एवढीशी मूठ, पण दोनदा ओढून पाहिले, सुटत नाही. जोर लावावा तर उठेल. साडेतीनच्या एसटीने परत निघायचे ठरवले होते. स्टँड समोरच आहे. एसटी आली, उभी राहिली, कंडक्टरने दोनदा आवाज दिला आणि गेली.

पाचला अजून एक आहे म्हणतात.